बाहेरचं

सावरगावच्या नदीकाठच्या वस्तीत ‘बाहेर’ हा शब्द जपून वापरावा लागे. बाई ‘बाहेर जाऊन येते’ म्हणाली की ती लोटा घेऊन काठाकडं निघाली असं समजायचं. ‘बाहेर बसली’ म्हणाली की चार दिवस तिच्या हातचं पाणी नको. आणि कोणाबद्दल ‘त्याले बाहेरचं झालं’ असं कोणी खालच्या आवाजात बोललं, की पुढं काही विचारायचं नाही. दार लोटून घ्यायचं.

पंचफुलाला हे सगळे अर्थ लहानपणापासून ठाऊक होते. त्यांतला पहिला आणि शेवटचा एकाच जागी राहतात, हे तिला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्यात जाम नदी आटते. एका अंगाला पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला सावरगाव आणि मधे नुसती वाळू, डोळ्यांत जाणारी. बाया त्या वाळूत हातानं खड्डा उकरत. जरा थांबलं की तळाशी पाणी पाझरे. ते करवंटीनं उचलून घागरीत भरायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणत. झिऱ्याचं पाणी गार आणि गोड. विहिरीपेक्षा बायांचा त्याच्यावर जीव. झिऱ्यांच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या झुडपांआड, सगळी वस्ती बाहेर जाई. आणि त्याच्याही वर, काठ जिथं आत वळतो तिथल्या खोलगटात, वस्तीतली लहान लेकरं पुरलेली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांतल्या गोटमारीसाठी माणसं पात्रातले गोटे ओटीत भरभरून नेत, पण त्या खोलगटातला एक गोटा कोणी उचलत नसे.

तिथल्याच एका गोट्याखाली अनिल होता.

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अनिल हा पंचफुलाचा पहिला मुलगा. त्याच्या उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. त्या बोटाला सारखी ठेच लागायची, म्हणून तो पाय जरा तिरपा टाकायचा. गल्लीतल्या धुळीत कितीही पावलं उमटलेली असोत, पंचफुला त्यातून त्याचं नेमकं ओळखायची. एका टळटळीत दुपारी तो ‘माय, बाहेर जाऊन येतो’ म्हणून गेला, येताना झिऱ्यावर पाणी प्यायला, आणि दिवेलागणीच्या आत त्याचे डोळे खोल गेले, हातपाय गार पडले, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. शेजारच्या कलाबाईनं त्याला शेवटची आंघोळ घातली. पंचफुलाचे हात उचलतच नव्हते. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात त्या रोगाला पटकी म्हणत. वस्तीत म्हणत, बाहेरचं.

त्यानंतर दुपार तिची वैरीण झाली. सगळी वस्ती दारं लोटून पडलेली, कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलाव्यात पोट टेकून निजलेली, अशा वेळी काठाकडून हाक यायची. “माय.” एकदाच. मोठ्यानं नाही, रडवीही नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून कोणी ‘आत येऊ का’ विचारावं, तशी.

तिनं नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. नत्थूजी पांढुर्ण्याला जिनात कामाला होता; केसांत कापसाचे तंतू घेऊनच तो घरी यायचा. त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, “टिटवी असंल.”

पंचफुलानं पुन्हा विषय काढला नाही. टिटवी माय म्हणत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या घरात अनिलचं नाव मग कोणी घेतलंच नाही.

काही वर्षांनी छाया झाली. पोरगी चालायला लागली तशी पंचफुलाची धास्ती वाढली. दुपारी तिला काठाकडं जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम. पोरीनं पोट धरलं तरी ऊन उतरेपर्यंत ती थोपवून धरायची, नाहीच थांबली तर घरामागं बसवून वर राख टाकायची. शेजारणी नाकाला पदर लावत. “पंचफुले, तुयी पोट्टी का राजाची रानी हाये का वं? तिले नदी चालत नाही!” पंचफुला ऐकून घ्यायची. एक लेकरू बाहेर गेलं ते गेलं. दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या जगण्याचं कारण उरलं होतं.

राज्य बदललं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत दोन सरकारी माणसं आली. एक स्वच्छता निरीक्षक रघुनाथराव, घाम पुसत बोलणारे, घाईतले. दुसरी अनुराधाबाई, आरोग्य खात्यातली, नागपूरची. पांढरं पातळ, खांद्याला कातडी पिशवी. वस्तीनं तिचं नाव लगोलग ‘दवाईवाली बाई’ ठेवलं. पंचफुलाच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बाया जमल्या. सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मान नेहमीप्रमाणे कलाबाईनं घेतला.

“बाई, आपलं सरकार नागपूर सोडून भोपाळले गेलं म्हनतात. खरं का?”

“खरं.”

“आन् राज्याचं नाव?”

“नाव मध्यप्रदेशच राहिलं.”

“म्हंजे नाव तेच न् घर दुसरं. राज्याचा पाट लागला म्हना न, बाई!”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अनुराधाबाईलाही हसू आवरेना. मग ती खाली मातीतच बसली आणि म्हणाली, “आता माझं ऐका. विहिरीत आम्ही औषध टाकू. पण झिरा आज इथं, उद्या तिथं. त्यात कुठं कुठं टाकणार? ही पटकी बाहेरून येते. तुम्ही बाहेर जाता, ती घाण वाळूतून झिरपते, पायाला लागते, माशी उचलते, आणि फिरून तुमच्याच घागरीत येते. म्हणून म्हणते, घराजवळ संडास करा. देवीचा यात काही हात नाही. हे सगळं बाहेरचं आहे.”

“अवं, तेच तर आमी सांगून राहिलो!” कलाबाईनं मांडीवर थाप मारली. “बाहेरचंच हाये. इतकी शिकली बाई, आन् फिरून आमच्यावरच आली.”

पुन्हा हशा झाला. रघुनाथरावांनी कपाळावर हात मारला. पंचफुला मात्र हसली नाही. इतक्या वर्षांत कोणा शिकलेल्या माणसानं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता.

“बाई,” ती मागून म्हणाली, “तुमी घराजवळ संडास करा म्हनता, तो केला तर लेकरू बाहेर जानार नाही ना?”

“नाही.”

“दुपारी बी?”

अनुराधाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. “दुपारी कशाला जाईल? अंगणात सोय असली तर कधीच जायला नको.”

“उपसायले कोन येनार?” कलाबाईनं मधेच विचारलं.

“कोणी नाही,” रघुनाथराव म्हणाले. “खोल खड्डा, वर सिमेंटची फरशी. खड्डा भरला की बुजवायचा, फरशी उचलून दुसऱ्यावर ठेवायची. कोणाच्या डोक्यावर टोपली नाही.”

“मंग माह्या घरी करा,” पंचफुला म्हणाली.

नत्थूजीनं घराच्या मागल्या अंगाला खड्डा खणला. फरशीचं काम भिवाजीकडं आलं. भिवाजी हा पंचफुलाचा सख्खा मामा, वस्तीतला जुना गवंडी. हात सफाईचा, पण आयुष्यभर त्यानं ओटे बांधलेले आणि बैराग्यांच्या समाध्या. नमुन्याची फरशी बैलगाडीतून येता येता सौसरच्या रस्त्यावर फुटली होती, म्हणून रघुनाथरावांनी ती तोंडानंच समजावली. “मधे भोक ठेवा. भोकाच्या दोन्ही अंगांना पावलं काढा. माणूस त्यावर पाय ठेवून बसला पाहिजे.” आणि ते घाईनं पुढच्या गावाला गेले.

पावलं काढायची म्हणजे काय, हे भिवाजीला कोणी शिकवायला नको होतं. समाधीवर त्यानं किती तरी जोड काढले होते. निंबाखाली साचा मांडून त्यानं ओलं सिमेंट थापीनं गुळगुळीत केलं आणि भाचीला हाक मारली.

“ये वं पंचफुले. पाय दे याच्यावर.”

“माहे काहून, मामा?”

“मंग कोनाचे? भाचीच्या पायाच तर पडतो आमी. दुसऱ्या कोनाचा पाय माह्या सिमिटात नाही पडत.”

तिनं लुगडं सावरून ओल्या सिमेंटात पाय ठेवले. गार लागलं. झिऱ्याच्या तळाशी हात घातल्यावर लागतं, अगदी तसं. भिवाजीनं तिचे पाय हलकेच दाबले, उचलायला लावले, आणि सवयीनं त्या उमटलेल्या पावलांना हात लावून तो कपाळाला लावला. मग फरशी पाण्यात भिजवलेल्या पोत्यांनी झाकली. पंचफुला रोज सकाळ-संध्याकाळ पोती ओली करी. छायाला तिनं फरशीच्या आसपास फिरकू दिलं नाही.

पोती काढली तेव्हा दुपार होत आली होती. भिवाजीनं फरशीवरून हात फिरवला आणि थांबला.

“पोट्टीनं पाय देल्ला वाटते.”

पुढच्या कडेला, भोकाच्या पलीकडं, एक लहान पाऊल उमटलेलं होतं. एकच, उजवं. पंचफुलाची दोन पावलं जिकडं बघत होती त्याच्या उलट, तिच्याकडं तोंड केलेलं. जणू आई उभी आहे आणि लेकरू समोर येऊन थांबलं आहे.

भिवाजी विडी पेटवायला गेल्यावर पंचफुलानं छायाला उचलून आणलं आणि तिचा पाय त्या पावलात ठेवून पाहिला. छायाची टाच लहान पडली. आणि तिची बोटं सरळ होती, एकाला लागून एक. सिमेंटातल्या पावलाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं.

पोरीला खाली ठेवून पंचफुला फरशीशेजारी बसली. वस्तीची दारं एकेक करून लोटली गेली, सावल्या पायाखाली आल्या. ती वाट बघत राहिली. त्या दुपारी काठाकडून हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव आले आणि फरशी पाहून त्यांनी कपाळालाच हात लावला. “अहो भिवाजी, ही संडासाची फरशी आहे! समाधी नव्हे!”

“तुमीच म्हनलं, पावलं काढा.”

“वर उचललेली! विटेसारखी! ही तर खाली रुतलेली. यात पाणी साचेल, घाण साचेल.”

“तसं सांगाचं न मंग, साहेब. आमी मानसाचे पाय पाह्यले. इटेचे पाय नाही पाह्यले.”

अनुराधाबाई खाली वाकून बघत होती. “फरशी पक्की आहे. वाया नको घालवायला. या खळग्यांत सिमेंट भरून वर उचलून घ्या, झालं. हे लहानही भरून टाका.”

“नाही,” पंचफुला म्हणाली. इतक्या चटकन की सगळ्यांनी वळून पाहिलं.

पुढचं कारण तिला द्यावंच लागलं नाही. तोवर कलाबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली होती. तिनं दुरूनच फरशीला हात जोडले. “मोठी पावलं मायची, लहान तिच्या लेकराचं. मरीमाय लेकरू घेऊन चालत आली बाप्पा, आन् तुमी तिच्यावर…” पुढचा शब्द तिनं गिळला. तिनं मोठ्या पावलांना कुंकू लावलं, नारळ फोडला. लहान पावलाशी नीट बघण्याइतकी ती जवळ गेली नाही. तिच्यामागून बाया आल्या. रघुनाथराव समजावून थकले. ‘पुन्हा येतो’ म्हणून दोघं गेली.

सांगायला हवं होतं पंचफुलानंच. ‘हे माहे पाय हाये,’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण तिनं म्हटलं नाही. फरशी खड्ड्यावर गेली असती तर ते लहान पाऊलही गेलं असतं. निंबाखाली ते तिच्याजवळ होतं. कुंकू, बुक्का, नारळाचं पाणी, सगळं मोठ्या पावलांवर पडत होतं. लहानावर ती दुपारी एकटी असताना हात ठेवून बसायची. ऊन कितीही असो, ते गार असायचं. काठाकडून हाक येणं थांबलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला दुपारी डोळा लागू लागला.

नत्थूजीनं खड्ड्यावर फळ्या टाकून ठेवल्या. “अंगन देवाचं झालं,” तो एकदा जेवताना म्हणाला, “मंग पोट्टी कुठी जाते?”

पंचफुलानं ऐकलं, पण ते तिच्या मनात शिरलं नाही.

मग पटकी आली. आधी पलीकडच्या आळीत, मग दोन घरं सोडून सुनंदा, नुकतीच लग्न होऊन आलेली. सकाळी ती झिऱ्यावर दिसली होती. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेली, आणि गाडी रिकामी परत आली. निंबाखाली नारळांचा ढीग वाढला. कलाबाई तिथंच बसू लागली. अनुराधाबाई घरोघर पाणी उकळायला सांगत फिरत होती, तिचा आवाज बसला होता. अंगणात येऊन तिनं त्या नारळांकडं पाहिलं आणि पंचफुलाला नुसतं एवढंच विचारलं, “तू तर म्हणाली होतीस, लेकरू बाहेर जायला नको?”

त्या दुपारी पंचफुला दचकून जागी झाली. हाक ऐकू आली म्हणून नाही. काहीच ऐकू आलं नाही म्हणून. घरात छायाचा श्वास नव्हता. मागल्या दारी नव्हती, निंबाखाली नव्हती. वाळूनं तळपाय भाजत ती काठ उतरली.

छाया झिऱ्याशी उकिडवी बसली होती. हातात करवंटी, पूजेच्या नारळाची, कुंकवाचा डाग लागलेली. पाण्यानं काठोकाठ भरलेली. आणि मान वर करून ती कोणाशी तरी बोलत होती.

“छाये!”

पोरगी वळली. घाबरलेली मुळीच नव्हती.

“पेली का तू?”

“नाही अजून. दादा काढून देते न मले रोज.” मग तिनं जरा विचार करून सांगितलं, “तो घरी यायले निंघाला होता. म्हनते, घरी जागा नाही. सगळ्याइनं तठी नारळ ठेवले.”

पंचफुलानं करवंटी हातातून उडवली. पाणी वाळूवर पडलं आणि क्षणात नाहीसं झालं. तेव्हा तिला दिसलं. झिऱ्याभोवतीच्या ओल्या वाळूत छायाची पावलं होती आणि त्यांच्या शेजारी दुसरी, जराशी तिरपी. ती बाभळींच्या अंगानं उतरून आली होती. वर चढून गेलेली नव्हती.

ती ओरडली नाही. पोरीला काखोटीला मारलं आणि पाठ वळवायच्या आधी त्या उन्हातल्या रिकाम्या जागेला, दारात उभ्या पाहुण्याला बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाली, “चाल. जागा करते.”

घराकडं येताना छाया तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. पंचफुलानं एकदाही मागं पाहिलं नाही.

अंगणात येऊन तिनं पोरीचे हातपाय राखेनं घासून धुतले, आणि नारळ उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. कलाबाई ताडकन उठली.

“काय करून राहिली वं? पाप लागंल! घरात एक लेकरू हाये, त्याचा तरी इचार कर!”

“त्याचाच करून राहिली.” पंचफुलानं कुंकू पदरानं पुसलं. मग ती फरशीवर चढली आणि दोन्ही पावलांत आपले पाय ठेवले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तंतोतंत बसले. “हे माहे पाय हाये, कलाबाई. मामाले इचारा. मरीमाय नाही आली इथं, मीच आली होती.”

दारादारांतून बाया बघत होत्या. कलाबाईचा आवाज एकदम उतरला.

“आन् ते लहान?”

“तुमी पाहा. आंघोळ तुमीच घातली होती.”

कलाबाई वाकली. डोळे बारीक करून तिनं पाहिलं, मग हळूच त्या पावलाच्या दुसऱ्या बोटावरून आपलं बोट फिरवलं, अंगठ्यावर चढतं तिथपर्यंत. तिथं तिचा हात थांबला. ती तशीच मातीत बसली. तिनं पंचफुलाकडं न बघताच विचारलं, “कवापासून?”

“फरशी वाळली तवापासून.”

कलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. उठली, आणि उरलेले नारळ स्वतःच्याच ओटीत गोळा करून घेऊन गेली. तिनं त्याबद्दल जन्मभर कोणाला काही सांगितलं नाही.

त्याच दुपारी भिवाजीला बोलावलं. पंचफुलाच्या पावलांवर त्यानं विटेएवढा उंचवटा चढवला. लहान पावलाशी त्याची थापी आली तेव्हा ती म्हणाली, “ते राहू दे, मामा. ते कोनाच्या पायात येत नाही.” उंचवटे पक्के झाल्यावर नत्थूजीनं आणि त्यानं मिळून फरशी खड्ड्यावर बसवली, भोवती तुरीच्या काड्यांचा कूड उभा केला. पहिल्या दिवशी छायाला आत सोडून पंचफुला बाहेर उभी राहिली. आतून पोरीचं हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. बाहेर आल्यावर छायानं सांगितलं, “दादा म्हनते, आता मी नाही जात.” त्यानंतर तिनं दादाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि मोठेपणी तिला यातलं काहीच आठवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात वस्तीतली आणखी माणसं गेली. पंचफुलाच्या घरी कोणी आजारी पडलं नाही. तिच्या शेजारची दोन घरं तिच्याच संडासाला येऊ लागली, पुढच्या वर्षी कलाबाईनं आपल्या दारी फरशी मागून घेतली, आणि मग हळूहळू गल्लीच्या गल्लीनं. भिवाजीला वर उचललेली पावलं आता झोपेतही जमत. अनुराधाबाई वस्तीत आली की बायांना पंचफुलाचा संडास दाखवायला न्यायची. एकदा रघुनाथराव भोपाळहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर आत डोकावले आणि थक्क झाले.

“इतका स्वच्छ? माशी नाही, वास नाही. रोज धुता?”

“रोज. दुपारी.”

“दुपारीच का?”

“तवाच सवड असते,” ती म्हणाली.

डॉक्टरांचं लक्ष पुढच्या कडेला गेलं. “हे काय? ओल्या सिमेंटात पोरानं पाय दिलेला दिसतो.”

“हो जी. पोरानंच.”

सगळे गेल्यावर अनुराधाबाई मागं राहिली. तिनं त्या पावलाकडं पाहिलं, मग पंचफुलाकडं. पिशवीतून चुन्याची पुडी काढून तिच्या हातात दिली आणि निघून गेली.

छाया लग्न होऊन लोधीखेड्याला गेली. तिच्या सासरी संडास आहे का, हे पंचफुलानं सोयरीक ठरायच्या आधी विचारलं होतं, आणि त्यावरून सोयऱ्यांत बरीच थट्टा झाली होती. नत्थूजी गेला, भिवाजी गेला. खड्डे भरले, बुजले, नवे खणले. फरशी दर वेळी तीच. पुढं वस्तीत नळ आला, पांढरी चिनी भांडी आली. पंचफुलानं फरशी बदलली नाही. पाठीत वाकली तरी ती दुपारी वस्ती निजली की पाण्याची बादली, नारळाच्या शेंडीचा कुंचा आणि राख घेऊन मागल्या अंगाला जायची, आणि गुडघे टेकून फरशी घासायची. भोक, उंचवटे, कडा. सगळ्यांत शेवटी ते लहान पाऊल, लेकराला आंघोळ घालावी तसं, बोटांच्या बेचक्यांतून.

इतक्या वर्षांच्या घासण्यानं सगळी फरशी झिजली. भिवाजीनं चढवलेले उंचवटे तर जमिनीला टेकले. लहान पाऊल तेवढं होतं तसंच राहिलं, दुसऱ्या बोटाच्या चढत्या कडेसकट.

आणि अलीकडे, टळटळीत दुपारी ती बादली घेऊन तिथं पोचायची, बाकीची फरशी उन्हानं पांढरीफटक वाळलेली असायची, तेव्हा ते पाऊल आधीच ओलं झालेलं असे.